दोन मिनिटं चालू ठेवलेलं इंजिन

१

लाल गाडीचा डावा दिवा फुटला होता आणि बंपरच्या फटीत सायकलच्या घंटीची वाटी अडकली होती. धाकट्याने ती काढायला हात पुढे केला तशी मी ओरडले, "हात लावू नकोस कशालाही!"

"लावून झालाय ताई," तो म्हणाला. "आठला गेट उघडलं, गाडी बघितली आणि आत जाऊन बसलो. सीट मागे घेतली, आरसा फिरवला. सवयीने. मग लक्षात आलं काय करतोय ते."

मी कपाळाला हात लावला. गाडी शेवटची कोणी चालवली हे सांगणाऱ्या दोनच गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही माझ्या सख्ख्या भावाने स्वतःच्या मापाच्या करून ठेवल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे गॅरेज त्याचं. रविवारी सकाळी तिथे गाड्यांच्या वेडाने झपाटलेली तीन माणसं जमतात आणि इंजिनावरून भांडतात. मी त्यांतली नव्हे. मी एकोणतीस वर्षं ड्रायव्हिंगची परीक्षा घेतली, अर्ध्या गावाला नापास केलं, आणि निवृत्त झाल्यापासून घरात बसवत नाही म्हणून रविवारी इथे येऊन येरझाऱ्या घालते. त्या दिवशी त्याने मला फोन करून बोलावलं. पोलिसांना केला नव्हता.

पोलीस आपणहून आले. सकाळी साडेसातला बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर पेपर टाकणाऱ्या बाईला गाडीने उडवलं होतं. मांडीचं हाड मोडून ती दवाखान्यात होती, आणि गुंगीत जाण्याआधी तिने दोनच शब्द सांगितले होते, "लाल, बसकी." तशी गाडी आसपास एकच.

इन्स्पेक्टर माझ्याकडे तिसऱ्या खेपेला पास झालेला. त्यामुळे तो माझ्याशी बोलताना अजूनही कोपरं अंगाशी धरतो. गेटला आकड्यांचं कुलूप, आकडा ठाऊक असलेली माणसं चार. किल्ल्या शेडमध्ये खिळ्यांवर, कोणीही काढून पुन्हा लावाव्यात अशा. भाऊ राहतो एकटा, त्यामुळे सकाळी तो घरी होता हे सांगणारं कोणी नाही.

"बाई, वाईट वाटतं," इन्स्पेक्टर हळू आवाजात म्हणाला, "पण यांची जुनी फाइल आहे. अकरा वर्षांपूर्वीची."

होती. गाडी तपासायला म्हणून बाहेर काढली, एका स्कूटरवाल्याला धक्का लागला, आणि माझा भाऊ पळून गेला. आता पुन्हा तेच ठरलं तर तुरुंग, आणि लायसन्स जन्मभरासाठी रद्द. ज्याला दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर चालवून बघता येत नाही त्याने गॅरेज कशाच्या जोरावर चालवायचं?

"एक वाजेपर्यंत थांब," मी इन्स्पेक्टरला म्हटलं. "मला चौघांशी बोलू दे."

"तिघांशी ना?" धाकटा म्हणाला.

खरं सांगायचं तर मला तोच वाटत होता.

२

लाल गाडी त्या तिघांतल्या वकीलसाहेबांची. बावीस वर्षं जपलेली, दोन दारांची, टर्बो नसलेली. टर्बो म्हणजे गाडीच्याच गरम धुरावर फिरणारा छोटा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि गाडी अंगापेक्षा जास्त पळते. वकीलसाहेबांना त्याचं नावही खपत नसे. "टर्बो म्हणजे उसनं अवसान! इंजिनाने स्वतःच्या फुप्फुसांनी श्वास घ्यावा," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते तोंड उघडायच्या आत मी पुरं करत असे.

विरुद्ध पक्षाचा पुढारी दातांचा डॉक्टर. त्याच्या गाडीचा टर्बो दुरून शिट्टी मारत येतो, म्हणून त्याचं नावच शिट्टी. आणि या दोघांना पेटवून मजा बघणारा तिसरा तो रिव्ह्यूवाला. नव्या गाड्या आठ-पंधरा दिवस चालवायच्या आणि त्यांचे गुणदोष व्हिडिओत सांगायचे, हाच त्याचा धंदा. त्या रविवारी अकराला लाल गाडी आणि शिट्टीची गाडी शेजारी शेजारी पळवायच्या आणि त्याने चित्रीकरण करायचं असं ठरलं होतं. वकीलसाहेबांची गाडी सिग्नलला थांबली की इंजिन गचके देत होतं, म्हणून ती दोन दिवस गॅरेजमध्ये होती.

साडेनऊला शिट्टी वाजली. डॉक्टर आला, किल्ली काढली, दार लोटलं आणि सरळ माझ्याकडे चालत आला. मागे गाडी तशीच गुरगुरत उभी.

"अहो, गाडी चालू आहे!" मी ओरडले. असं उतरणाऱ्याला मी गेटातच नापास करत असे.

"होईल बंद," तो हसला. "टायमर लावलाय. टर्बो तापलेला असतो, लगेच बंद केलं तर आतलं तेल जळतं. म्हणून दोन मिनिटं चालू ठेवायची असते. पूर्वी बसून राहायचो घड्याळ बघत. सहा वर्षं झाली, आता किल्ली काढायची आणि चालू लागायचं."

मग त्याने फुटलेला दिवा बघितला. काय झालं ते मी सांगितलं. तो उकिडवा बसला आणि बंपरकडे बघत राहिला.

"बाई जिवंत आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे. तुम्ही साडेसातला कुठे होतात?"

"झोपलो होतो. बायको माहेरी गेलीय. म्हणजे साक्षीदार नाही, हेच ना?" त्याने मान हलवली. "पण मी ही गाडी कशाला नेईन? पैज तिच्याशीच होती ना."

"बिघडवायला," मी म्हटलं.

तो उठला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "आम्ही भांडतो ताई. हजामत करतो एकमेकांची. पण एकमेकांच्या इंजिनाला हात लावत नाही," तो म्हणाला.

३

रिव्ह्यूवाला कंपनीने चालवायला दिलेल्या नव्याकोऱ्या गाडीतून आला. टर्बो हिलाही होता. फाटकातून वेगात आत, कचकन ब्रेक, त्याच क्षणी इंजिन बंद, आणि दार उघडायच्या आधी तोंड सुरू.

"स्टेअरिंग हलकं, सस्पेन्शन मऊ, वळणावर गाडी होडीसारखी कलते. दहापैकी सहा." मग आमचे चेहरे बघून तो थांबला. "कोण गेलं?"

"कोणी गेलेलं नाही," शिट्टी म्हणाला. "आणि टर्बो गाडी अशी बंद करतात? पाप लागेल."

"अंधश्रद्धा! माझा व्हिडिओ आहे त्यावर. आजच्या गाड्यांत गार करायला वेगळा पंप असतो. थांबायची गरज नाही."

"आणि तेल? तेल काय पंप बघून जळायचं थांबतं?"

"हे बघा, आकडे काढा, आकडे!"

एक बाई मोडलेल्या हाडाने पडलेली, माझा भाऊ तुरुंगाच्या दारात, आणि ही दोघं तेलाच्या तापमानावर जुंपलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोघांनाही गप्प केलं. रिव्ह्यूवाला साडेसातला म्हणे घरी व्हिडिओ जोडत होता, एकटाच. साक्षीदार त्यालाही नव्हता.

"एक विचारू?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "राग मानू नका. पण गाडी गॅरेजमध्ये, किल्ली गॅरेजमध्ये. फिटर सोडून दुसऱ्या कोणाला ती बाहेर काढायचं कारणच काय?"

मी धाकट्याकडे बघितलं. तो दूर नळाखाली हात धूत होता. हात कधीच स्वच्छ झाले होते तरी धूत होता.

४

वकीलसाहेब फोन उचलत नव्हते. दोन गल्ल्यांवरच तर घर. मी चालत निघाले. बसून राहिले असते तर वेड लागलं असतं.

दार वहिनींनी उघडलं. "बाहेर गेलेत, येतीलच," असं म्हणून त्यांनी मला खिडकीपाशी बसायला सांगितलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी उभीच राहिले. पाच मिनिटांत करड्या रंगाची एक साधी, उंच गाडी आत आली आणि जागेवर उभी राहिली. वकीलसाहेब आत बसलेले दिसले. इंजिन चालू. उतरेनात. डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे. टेबलावर त्यांचा मोबाइल पडला होता. पुन्हा वाजून बंद झाला. मी निघाल्यावर गॅरेजमधून भाऊच त्यांना फोन लावत असणार.

शेवटी इंजिन बंद झालं आणि ते वर आले.

"माफ करा हं, खाली फोनवर होतो," ते म्हणाले.

मी टेबलावरच्या मोबाइलकडे बघितलं नाही. परीक्षा घेताना माणूस चुकला की लगेच सांगायचं नसतं.

"हिची गाडी जरा फिरवून आणली," ते पुढे म्हणाले. "उभी राहून बॅटरी उतरते. मी काही असल्या गाड्या चालवत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे."

मी झालेलं सांगितलं. ते खुर्चीत बसले. आधी विचारलं, "दिवा मूळचाच फुटला? तो आता मिळत नाही कुठे." मग जरा वेळाने, "आणि बाई कशी आहे?"

"तुम्ही सकाळी?"

"घरीच. नऊपर्यंत अंथरुणात. हिला विचारा." वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो. मी देवळात गेले होते साडेसहाला, पण आले तेव्हा होते की."

वकीलसाहेबांनी डोळे पुसले. "तुमच्या भावावर माझा बावीस वर्षांचा विश्वास आहे हो. त्याची केस मी चालवीन. फुकट चालवीन. घाबरला असेल बिचारा, मागच्यासारखा."

त्यांचा एवढा मायाळूपणा मला टोचला. पण का ते कळेना. त्यांनी फोनबद्दल खोटं सांगितलं होतं, हे खरं. पण माणूस पन्नास कारणांनी गाडीत बसून राहतो. बायकोशी भांडण झालेलं असतं, रडू आलेलं असतं. मी चहा न पिताच उठले.

गॅरेजच्या गेटाशी पोचते तो धाकटा धावत समोर आला. त्याच्या हातात काडेपेटीएवढी काळी डबी होती.

"ताई! डोकं बधिर झालं होतं माझं. ही विसरलोच होतो. शनिवारी संध्याकाळी मीच बसवली होती!"

५

ती नोंदी ठेवणारी डबी होती. इंजिनाचे गचके कधी येतात ते पकडायला त्याने ती स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावली होती. इंजिन चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत वेग, इंजिनाचे फेरे, वेळ, सगळं ती सेकंदासेकंदाला टिपते. सकाळी इन्स्पेक्टरने गाडीत बसून बघितलं तेव्हाही ती त्याच्या गुडघ्याजवळच होती.

लॅपटॉपवर ओळी उमटल्या. सात बारा, इंजिन चालू. सात एकतीस, वेग चौऱ्याऐंशीवरून एकदम शून्य. मग चाळीस सेकंद गाडी जागच्या जागी.

चाळीस सेकंद. कोणीतरी त्या बाईकडे बघत होतं. मग गेलं.

सात अडतीस, गाडी पुन्हा आवारात, वेग शून्य. आणि सात चाळीसला इंजिन बंद.

"मधली दोन मिनिटं कसली?" मी विचारलं.

"जागच्या जागी चालू ठेवलंय," धाकटा म्हणाला. "पण का? हिला टर्बो नाही, गार काय करायचंय? माणसाला उडवून आलेला तर किल्ली फिरवून पळत सुटेल."

मला बसावंसं वाटलं, आणि मी खरंच बसले. पहिली गोष्ट माझ्या डोक्यात आली ती भावाची. ही डबी त्याने स्वतः लावली होती. तो चालवत असता तर परत आल्यावर पहिल्यांदा तीच काढून गटारात टाकली असती. तिच्याबद्दल दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हतं. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि त्याच क्षणी इतका वेळ तो तिथे होता याची लाज वाटली.

दुसरी गोष्ट ती दोन मिनिटं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे मला कोणी शिकवायला नको. घाबरलेल्या माणसाचं डोकं काम करत नाही, तेव्हा हात काम करतात. भीतीने पांढरेफटक पडलेले उमेदवार गाडी झाडावर घालतानासुद्धा सवयीने इंडिकेटर देतात. मी बघितलंय.

"सगळ्यांना बोलाव," मी म्हटलं. "आणि एक फोन मला करू दे."

मी वहिनींना फोन केला. एकच प्रश्न विचारला. त्यांनी साधेपणाने, काही न लपवता उत्तर दिलं. ठेवताना म्हणाल्या, "का हो, काय झालं?" मला सांगवलं नाही.

६

बारा वाजता सगळे आवारात होते. वकीलसाहेबही आले, चालत. इन्स्पेक्टर घड्याळ बघत होता. मी नोंदी वाचून दाखवल्या. दोन मिनिटांपाशी आले तशी रिव्ह्यूवाल्याने बोट उगारलं.

"टर्बोवाल्याची सवय! शिट्टी, हे तू केलंस?"

शिट्टी लाल झाला. "माझ्या नावाने—"

"त्यांनी नाही," मी म्हटलं. "सहा वर्षं त्यांच्या गाडीला टायमर आहे. त्यांची सवय बरोबर उलटी. किल्ली काढायची आणि चालू लागायचं. ते असते तर या टायमर नसलेल्या गाडीचं इंजिन त्याच क्षणी बंद पडलं असतं. आणि तुम्हीही नाही. तुम्ही चाक थांबायच्या आत बंद करता. वर त्याचा व्हिडिओ काढता."

"म्हणजे उरला फिटर," इन्स्पेक्टर म्हणाला.

"फिटरने स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने लावला, सकाळभर जागेवर राहू दिला आणि आणून माझ्या हातात दिला? नाही. इथे टायमरशिवायची टर्बो गाडी रोज चालवणारा आणखी एक जण आहे. आज सकाळीच मी त्याला घड्याळ बघत गाडीत बसलेला बघितला." मी वळले. "वकीलसाहेब, करड्या गाडीला टर्बो आहे. डिझेल. वर्षभर ती तुम्हीच चालवताय. लाल गाडीत तुमची कंबर धरते. वहिनी म्हणाल्या."

मग शिट्टीच्या तोंडून बाहेर पडलं, "टर्बो? तुम्ही?"

वकीलसाहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. खुनाचा आरोप केला असता तरी माणूस इतका दुखावला नसता.

"ती हिची गाडी आहे!"

"दोन मिनिटं थांबायची सवय तुमची आहे," मी म्हटलं. "आज ती पैज होती. गचके गेले की नाही ते बघायला तुम्ही सकाळी सातलाच गाडी काढलीत, मोठ्या रस्त्यावर ताणलीत. परत आलात आणि टर्बोवाल्यासारखे गार करत बसलात."

"टर्बोवाल्यासारखा?" ते कडाडले. "बावीस वर्षं हे इंजिन मी ओळखतो! त्याला गार करायची गरज नसते हे मला कळत नाही? मी काही गार करत नव्हतो! माझे हात चालत नव्हते, किल्ली फिरत नव्हती, मी नुसता बसलो होतो—"

ते थांबले. खूप उशीर झाला होता. वाक्य आमच्या सगळ्यांच्या कानांत जाऊन पोचलं होतं.

हात चालत नव्हते की सवयीने बसले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. नोंद मात्र दोन मिनिटांना एक सेकंद कमी नव्हती.

"चाळीस सेकंद तुम्ही तिच्याकडे बघितलंत," मी म्हटलं. "आणि मग इथे आणून गाडी माझ्या भावाच्या दारात लावलीत."

"त्याची जुनी केस होती," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मला वाटलं, मी त्याला सोडवीन. मी चांगला वकील आहे."

शिट्टीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. इन्स्पेक्टरने त्यांचा दंड धरला. जाताना त्यांनी लाल गाडीकडे एकदाही बघितलं नाही.

दवाखान्यातून निरोप आला, बाईंचं ऑपरेशन नीट झालं होतं. शिट्टी आणि रिव्ह्यूवाला तिकडे गेले, न भांडता, एकाच गाडीतून. आवारात मी आणि धाकटा राहिलो. मला वाटलं आता तो हसेल, गळ्यात पडेल. तो एका पांढऱ्या गाडीचं चाक खोलायला बसला.

"ताई," तो मान वर न करता म्हणाला, "तू इन्स्पेक्टरकडे वेळ मागितलास. मी नाही हे दाखवायला, की मीच आहे का ते बघायला?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडावर आलंही होतं.

"बघायला," मी म्हटलं.

"त्या वेळी मी पळालो," तो म्हणाला. "पण तासाभराने परत गेलो होतो गं. स्वतः. त्या माणसाला दवाखान्यात मीच नेलं. फाइलमध्ये आहे ते. तू कधी कोणाला सांगताना ते सांगत नाहीस."

खरं होतं. अकरा वर्षं मला तो पळाला एवढंच लक्षात राहिलं होतं. आज सकाळी मी स्वतःलाही तेवढंच सांगितलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

त्याने ते ऐकलं. त्याच्या हातातला पाना फिरायचा थांबला होता. मग पुन्हा फिरायला लागला.